थेटफर्डचे डॉक्टर पुरवणीला दिसले नाहीत?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत 'ब्रिटनचे पहिले कृष्णवर्णीय महापौर' हा लेख वाचला. तो मान लेखकाने जॉन आर्चर यांना दिलाय. आर्चर यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण ते लंडनच्या बॅटरसीचे महापौर झाले १९१३ साली. त्याआधी नऊ वर्षं, १९०४ साली, नॉरफकमधल्या थेटफर्डने डॉ. अ‍ॅलन ग्लेझर मिन्स यांना महापौर केलं होतं. जन्म बहामा बेटांवरचा, शिक्षण लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात. पण थेटफर्ड पडलं आडगाव! ('राइट्स ऑफ मॅन' लिहिणारे थॉमस पेन तिथलेच. त्यांचं लिखाण आपल्या जोतीरावांनी वाचलं होतं, निदान तेवढ्यासाठी तरी नकाशा उघडायचा होता.)

खरा राग मात्र शेवटच्या परिच्छेदाचा. छोट्या गावाचं महापौरपद म्हणे शोभेचं, गळ्यात साखळी घालून फिती कापायचं! अहो, त्या काळी तिकडचा महापौर पदसिद्ध न्यायदंडाधिकारी असे. आणि मिन्स तर गावच्या वर्कहाउसचे, म्हणजे निराधार गरिबांना ठेवून कामाला लावायच्या सरकारी आश्रयगृहाचेही डॉक्टर होते. गावातली गरिबी त्यांना कागदावरून कळायची गरज नव्हती.

माझे वडील तालुक्याच्या गावी डॉक्टर, आणि काही वर्षं नगराध्यक्षही. एका पावसाळ्यात एकाच आळीतले काविळीचे पेशंट येऊ लागले. नळाची पाइप गटारातून गेलीय हे नगरपालिकेच्या आधी दवाखान्यात कळलं. ती बदलायचा ठराव त्यांनी मांडला, तर विरोधी बाकांवरून विचारणा झाली, "डॉक्टर, आळीत तुमच्या किती मतांची सोय करताय?" ठराव लोंबकळला. पुढे त्याच सदस्याच्या घरी कावीळ शिरली. रात्री मागच्या दाराने हेच गृहस्थ औषधाला आले. वडिलांनी तपासलं, औषध दिलं, पैसे घेतले नाहीत. आई मात्र चहा टाकायला उठली नाही! पुढच्या सभेत ठराव बिनविरोध मंजूर. त्याचं श्रेय कोणी घेतलं, हे त्या आळीतली पाटी सांगते. वडिलांचं नाव तिच्यावर नाही. शोभेचं पद, नाही का?

डॉ. मिन्स यांची दुरुस्ती ठळक जागी छापावी, मागच्या वेळेसारखी निविदांच्या जाहिरातीखाली नको. आणि हो, शब्दकोड्याची उत्तरं हल्ली उलटी आणि इतकी बारीक छापता, की पान फिरवून भिंग लावलं तरी वाचवत नाहीत. ती जरा मोठी करता आली तर पाहावं.

कळावे,
एक जुनी वाचक, वाई