जंगलात एकटी कशाला जातेस, याचं उत्तर

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, फोनवर तू परत तेच विचारलंस की सुट्टीच्या दिवशी एकटी जंगलात कशाला जातेस, आणि मी नेहमीसारखं "अगं काही नाही होत" म्हणून विषय बदलला, म्हणून आता नीट लिहिते. तुला वाटतं तसं ते निर्मनुष्य रान नाहीये गं. इथे कॅनडात, वेस्ट व्हँकुव्हरमध्ये लाइटहाऊस पार्क म्हणून आहे, तिथपर्यंत डाउनटाउनमधून बस जाते, आणि ऊन पडलं की पार्किंगला जागा मिळत नाही एवढी माणसं असतात, पोरं, म्हातारे, कुत्री सगळे. अस्वलं इथल्या डोंगरांत आहेत हे खरं, पण पार्कात मला तरी कधी दिसलं नाही. खरी काळजी घ्यायची ती समुद्राकडच्या खडकांवर, ओले असले की भयंकर निसरडे होतात, आणि हिवाळ्यात सव्वाचारलाच सूर्य मावळतो, झाडाखाली तर त्याआधीच काळोख. तेव्हा मी दुपारीच परत फिरते.

बाबा, तुमच्यासाठी एक गंमत. हे जंगल, साधारण ७५ हेक्टर, आजतागायत वाचलंय ते एका दिव्यामुळे. समुद्राकडच्या टोकावर १८७५ पासून दीपगृह आहे (आत्ताचा टॉवर १९१२ चा), आणि १८८१ मध्ये सरकारने मागची सगळी जमीन राखून ठेवली, कारण पाठीमागे काळोखी झाडी असली की बोटींना दिवा ठळक दिसणार. झाडांवर प्रेम वगैरे काही नाही, निव्वळ कामापुरतं! पण त्यामुळे आसपासची जुनी जंगलं लाकडासाठी तोडली गेली आणि हे तसंच राहिलं. आत डग्लस फर नावाची सूचीपर्णी झाडं आहेत, काही पाचशे वर्षांची, साठ मीटरपर्यंत उंच, म्हणजे वीसमजली बिल्डिंग धरा. साल बोटभर नाही, चांगली वीतभर जाड, त्यामुळे आगीतूनही वाचतात, काही बुंधे अजून जळके काळे दिसतात.

आई, तुला मात्र आर्ब्युटस नावाचं झाड आवडेल. बाकी जंगल दमट आणि अंधारं, आणि समुद्राजवळ आलं की एकदम कोरडा खडक आणि त्याच्या भेगांत ही वेडीवाकडी झाडं, पाण्याकडे झुकलेली. ह्याची साल कागदासारखी सुटून गुंडाळत जाते आणि खालून गुळगुळीत खोड निघतं, आधी हिरवट पिवळं, मग तांबूस होत जातं, हात लावला तर उन्हातही गार लागतं. रुंद पानांचं असून बारा महिने हिरवं राहणारं कॅनडातलं हे एकच मूळचं झाड. आता तू म्हणशील एखादी फांदी आण, कुंडीत लावू, तर पार्कातलं काही तोडायचं नसतं आणि ह्याची मुळं हलवलेली त्याला अजिबात चालत नाहीत, रोप उपटून लावलं की बहुतेक मरतंच. बाबा, ह्याच्या आणि डग्लस फरच्या, दोन्हींच्या शास्त्रीय नावात मेंझीस आहे, हा कॅप्टन व्हँकुव्हर ह्या ब्रिटिश दर्यावर्दीच्या जहाजावरचा डॉक्टर, १७९२ मध्ये ह्याच किनाऱ्यावर आले होते ते लोक.

मी सगळ्यात जास्त वेळ कुठे थांबते माहितीये का, पडलेल्या झाडांपाशी. इथे पडलेला ओंडका कोणी उचलत नाही, तो ओला होऊन कुजतो, वर शेवाळ येतं आणि मग त्यावरच हेमलॉक नावाच्या सूचीपर्णी झाडाची रोपं उगवतात, जमिनीवर नेच्यांच्या आणि सलाल नावाच्या झुडपांच्या गर्दीत त्यांना जागाच मिळत नाही ना. त्यांची मुळं ओंडक्याच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरतात, पुढे ओंडका पार कुजून जातो आणि मोठं झालेलं झाड मुळांवर तंगड्या फाकून उभं, खाली पोकळी. सलालची जांभळीकाळी फळं खातात पण चव यथातथाच.

तर आता मुद्द्याचं. तुम्ही याल तेव्हा मी तुम्हाला इथे नेणारच आहे. बाबांच्या गुडघ्याचा विचार करून ठेवलाय, सगळ्या ट्रेल्स नाही करायच्या, ज्युनिपर लूप वगैरेवर मुळं आणि दगड फार, ते मी एकटीच करेन. आपण बीकन लेनने जायचं, रुंद कच्चा रस्ता आहे, सरळ दीपगृहाजवळच्या खडकापर्यंत. जाताना उतार आहे म्हणजे येताना चढ, बाबा, हे आत्ताच सांगून ठेवते, नंतर तिथे बसून म्हणायचं नाही की रिक्षा बोलाव. दीपगृहात आत सोडत नाहीत, लांबूनच बघायचं. जुलै-ऑगस्टमध्येच या, तेव्हा पाऊस कमी असतो, नोव्हेंबरात आलात तर आठवडाभर घरातच बसाल. बूट चांगल्या पकडीचे घ्या आणि आई, साडीवर स्पोर्ट्स शूज घालायला लाजू नकोस, इथे कोणी बघत नाही. डॉक्टरांना चालण्याचं विचारलंत की लगेच कळवा, मग तिकिटांचं बघते.

तुमची,
ताई