मध्यरात्रीचा धूमकेतू

ऑक्टोबर 2025

महोदय,

कालच्या अंकातील ‘मध्यरात्री आकाशात धूमकेतूची आतषबाजी’ ही चौकट ज्यांनी लिहिली, त्यांनी तो स्वतः पाहिला होता का, एवढेच विचारायचे आहे. लेमन धूमकेतू सध्या सूर्यापाठोपाठ मावळतो. सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास आणि आठच्या आत हाही क्षितिजाखाली. मध्यरात्री तो गोव्यातून बघायचा तर पायाखालची जमीन काचेची हवी.

आपल्या बातमीवर विसंबून आमचा अर्धा वाडा लक्ष्मीपूजन आटोपून रात्री बाराला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढला. थर्मास, पेंगुळलेली मुले, एका आजीबाईंसाठी प्लास्टिकची खुर्चीसुद्धा. माझ्याकडे दुर्बीण आहे हा माझा गुन्हा, म्हणून मलाही उठवून नेले. तो केव्हाच मावळला, असे मी वाटभर सांगत होतो. पण ‘पेपरार आयलां’ म्हटल्यावर माझे कोण ऐकणार? शेवटी डोक्यावर आलेला कृत्तिकांचा पुंजका हाच धूमकेतू असे बहुमताने ठरले, मोबाइलवर फोटो निघाले आणि उतरताना मला सल्ला मिळाला की पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते, दुर्बीण एकदा दाखवून घे. बुरशी नाही, मी तपासली आहे.

‘आतषबाजी’ कसली? धूमकेतू उल्केसारखा सर्रकन जात नाही. ताऱ्यांबरोबर जागच्या जागी दिसतो, सरकतो तो दुसऱ्या दिवशी कळतो. ‘पृथ्वीच्या अगदी जवळून’ म्हणजे सुमारे 9 कोटी किलोमीटरवरून, हेही छापायला हरकत नव्हती. आणि ‘उघड्या डोळ्यांनी स्पष्ट’ हे तर कहरच. त्याची प्रत (तेजाचे माप, आकडा मोठा तितके तेज कमी) चारच्या आसपास सांगतात, पण ताऱ्याचा उजेड एका ठिपक्यात असतो, याचा पसरलेला. त्यामुळे त्याच प्रतीच्या ताऱ्यापेक्षा तो कितीतरी फिका वाटतो. दुर्बिणीतून पिंजलेल्या कापसासारखा दिसला तरी नशीब. आपण छापलेली लांबलचक शेपटी कॅमेऱ्याने बराच वेळ उजेड साठवून मिळवलेली असते. आमच्या पिढीने 1997 च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप अंगणात उभे राहून पाहिला, तेव्हापासून लोकांना प्रत्येक धूमकेतू तसाच वाटतो. ती समजूत दूर करायची की वाढवायची, हे आपण ठरवायचे.

राशिभविष्याच्या पानावर शुभ मुहूर्त मात्र मिनिटांसकट असतात. तेवढीच काळजी धूमकेतूच्या वेळेची घेतली असती तर त्या आजीबाईंना सडा चढावा लागला नसता.

चौकट पुन्हा छापणार असाल तर एवढे लिहा: सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, पश्चिमेपासून थोडे उत्तरेकडे, स्वाती ताऱ्याच्या वरच्या बाजूला, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या उंचीवर किंवा किंचित वर. समोर डोंगर-माड नकोत, दुर्बीण हवीच. सध्या अमावास्येचे दिवस आहेत, चांदण्याचाही अडसर नाही.

अडसर आहे तो पंचायतीच्या नव्या हायमास्ट दिव्याचा. मैदानाच्या पश्चिम टोकाला उभा केलेला हा दिवा उन्हे उतरायच्या आधीच पेटतो. खालचा रस्ता काळोखातच असतो, उजळते ते आभाळ. पंचांनी तो आठवडाभर सात ते आठ बंद ठेवावा, अशी मागणीही कृपया छापा. ती पहिल्या पानावर नसली तरी चालेल.

आपला,
एक वाचक, डिचोली