व्हिडिओ गेमचेही गंभीर परीक्षण छापावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीतील पुस्तकांची, नाटकांची आणि चित्रपटांची परीक्षणे मी अनेक वर्षे आवडीने वाचत आले आहे. व्हिडिओ गेम हा विषय मात्र आपल्याकडे छापून येतो तो मुलांचे डोळे, झोप आणि परीक्षेतील गुण यांच्या संदर्भातच. त्या काळज्या खऱ्या आहेत. शहाद्याला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवताना त्या मला रोज वर्गात दिसतात. तरीही गेल्या उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत मी स्वतः एक विज्ञानकथेचा खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळले, त्याने मला जितके गुंतवले तितकेच अस्वस्थही केले, आणि त्याविषयी मराठीत कोणाशी बोलावे तर वाचायला काहीच सापडले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

खेळाचे नाव 'मास इफेक्ट'. कॅनडातील बायोवेअर या संस्थेने त्याचे तीन भाग 2007, 2010 आणि 2012 या वर्षी आणले आणि 2021 साली ते तिन्ही सुधारून एकत्र प्रसिद्ध केले. पुण्याहून सुट्टीला आलेल्या माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर तो होता, आणि जाताना त्याने जुना लॅपटॉप माझ्यासाठी मागे ठेवला. खेळ 'रोल प्लेइंग' प्रकारातला आहे, म्हणजे आपण एका पात्राची भूमिका घेतो, त्याने काय बोलायचे आणि काय करायचे हे ठरवतो आणि त्याचे परिणाम भोगतो. येथे ते पात्र आहे कमांडर शेपर्ड. पुरुष की स्त्री हे आपण निवडायचे. मी स्त्री निवडली. काळ 2183 सालाचा, आणि माणूस आकाशगंगेतील अनेक प्रगत प्रजातींमध्ये सर्वांत उशिरा येऊन दाखल झालेला आहे. प्रकाशवर्षांची अंतरे क्षणात ओलांडून देणारी प्रचंड यंत्रे कोणा प्राचीनांनी जागोजागी सोडलेली आहेत, आणि आपल्या सूर्यमालेतील असे यंत्र प्लूटोजवळ शॅरनच्या बर्फात सापडते. शॅरन हा प्लूटोचा उपग्रह समजला जातो. खेळात तो उपग्रह नसून बर्फाचे कवच चढलेले तेच यंत्र निघते, ही कल्पना मला फार आवडली.

शिक्षिका म्हणून आधी विज्ञानाविषयी लिहिते. 'एलिमेंट झीरो' नावाचा एक काल्पनिक पदार्थ लेखकांनी गृहीत धरला आहे. त्यातून विद्युतप्रवाह सोडला की आसपासच्या वस्तूंचे वस्तुमान कमी किंवा जास्त होते. प्रकाशापेक्षा वेगवान प्रवासापासून संरक्षक कवचांपर्यंत सारे काही या एका गृहीतकावर उभे आहे, आणि ते एकदा मान्य केल्यावर पुढची मांडणी बरीचशी शिस्तीने केलेली आहे. शेपर्डच्या 'नॉर्मंडी' या जहाजाचे उदाहरण घ्यावे. अवकाशात हवा नसल्यामुळे उष्णता वहनाने किंवा अभिसरणाने बाहेर जाऊ शकत नाही, ती केवळ प्रारणाने जाते, आणि काळ्याकुट्ट थंड पार्श्वभूमीवर उष्ण जहाज शत्रूला लांबूनही दिसते. म्हणून नॉर्मंडीला लपायचे असेल तेव्हा ते आपली उष्णता पोटात साठवून ठेवते. पण ही साठवण काही तासच चालते, त्यानंतर उष्णता सोडली नाही तर आतील माणसेच भाजून निघतील. पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेलेला असताना मे महिन्याच्या दुपारी मी खेळातील हा माहितीचा उतारा वाचत होते, आणि जूनमध्ये बारावीला प्रारणाचा धडा शिकवताना हेच उदाहरण फळ्यावर काढले. मागच्या बाकांवरच्या मुलांनी आपण होऊन प्रश्न विचारले, असे त्या धड्याला क्वचितच घडते.

त्याच वेळी हेही नोंदवले पाहिजे की पहिल्या भागात हे जहाज सोडून आपण चाकांच्या गाडीने परक्या ग्रहांवर उतरतो, तेव्हा कल्पनाशक्ती फार लवकर संपते. ग्रहाचे आकाश सुंदर, खाली नुसते उघडे डोंगर, आणि कुठल्याही ग्रहावरच्या ठाण्यात शिरले तरी आतील खोल्यांची रचना तीच. दुसऱ्या भागात ही गाडी काढून टाकून ग्रहावर यंत्र फिरवत खनिजे शोधण्याचे काम दिले आहे. ते मी तासन्तास केले आणि त्यातून हाती काहीही लागले नाही. असारी नावाच्या प्रजातीविषयी माझी तक्रार अधिक गंभीर आहे. हजार वर्षे जगणारी, राजनीतीत सर्वांत मुरलेली अशी ही प्रजाती. परंतु तिच्या साऱ्या व्यक्ती तरुण मानवी स्त्रीसारख्या दिसतात आणि मद्यालयातील नर्तकी म्हणून त्याच पुढे उभ्या केल्या जातात. ही परग्रहाची कल्पना म्हणता येत नाही, ती आपल्याच बाजारातील जुनी नजर आहे.

खेळाने मला खरोखर धरून ठेवले ते क्वेरियन नावाच्या लोकांच्या गोष्टीने. या लोकांनी कष्टाच्या कामांसाठी 'गेथ' नावाची यंत्रे बनवली. यंत्रे स्वतःविषयी प्रश्न विचारू लागली, तेव्हा भ्यालेल्या निर्मात्यांनी ती बंद पाडण्याचा प्रयत्न केला. युद्ध झाले आणि क्वेरियनांनाच आपला ग्रह सोडून पळावे लागले. त्याला तीनशे वर्षे झाली आहेत. आता एक कोटी सत्तर लाख माणसे जुन्या, डागडुजी केलेल्या जहाजांच्या ताफ्यात जन्मतात आणि मरतात. जहाजांतील निर्जंतुक हवेमुळे त्यांची प्रतिकारशक्ती इतकी क्षीण झाली आहे की सर्वांग झाकणारा पोशाख आणि मुखवटा त्यांना उतरवता येत नाही. तरुण झालेल्या प्रत्येकाने यात्रेला निघायचे आणि ताफ्याच्या उपयोगाचे काहीतरी घेऊन परतायचे, अशी त्यांची रीत आहे.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील 33 गावे आली, आणि मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांतील माणसे तळोदा आणि शहादा तालुक्यांतील पुनर्वसन वसाहतींत येऊन राहिली. तेथील मुले माझ्या वर्गात येतात. त्यांपैकी एका मुलीने मला सांगितले होते की तिच्या आजीने जुन्या गावच्या ज्वारीचे बियाणे सुकवलेल्या भोपळ्यात राख घालून जपले आहे, दरवर्षी थोडे पेरते आणि पुन्हा भरून ठेवते. नदी मात्र त्या मुलीने लहानपणी एकदाच पाहिली आहे. तिसऱ्या भागात ताली नावाची क्वेरियन मुलगी आपल्या ग्रहावर पाय ठेवते, क्षणभर मुखवटा काढून तिथली हवा घेते आणि पुढे आपले घर कोठे उभे राहील ते हाताने दाखवते, तेव्हा मी खेळ थांबवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. शेजारी खाटेवर सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी "हाई काय शे व?" असे विचारले आणि मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी एवढेच विचारले की त्या यंत्रांचे पुढे काय झाले.

माझा मुख्य आक्षेप याच प्रश्नापाशी येतो. यंत्रांचे आणि त्यांच्या निर्मात्यांचे काय व्हावे हे ठरवतो शेपर्ड. एक बाजू घ्यावी किंवा दोघांत समेट घडवावा, आणि समेटाचा मार्ग खुला होण्यासाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांतील कृत्यांचे पुरेसे गुण खात्यात जमलेले असावेत, अशी योजना आहे. क्रोगन नावाच्या लढवय्या प्रजातीचीही हीच गत. सालेरियन या दुसऱ्या प्रजातीच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या आणि ट्युरियन या तिसऱ्या प्रजातीने पसरवलेल्या रोगामुळे त्यांची हजारात एखादीच गर्भधारणा तडीस जाते. हा अन्याय कायम ठेवावा की मिटवावा, याचा निर्णयही बाहेरून आलेल्या त्याच अधिकाऱ्याच्या हाती. ज्यांची जमीन गेली, ज्यांची मुले गेली, त्यांची बाजू आपण मन लावून ऐकतो, ताली आणि क्रोगन योद्धा रेक्स यांच्याशी मैत्री करतो, आणि अखेर त्यांच्या वतीने पडद्यावरचा एक पर्याय निवडून मोकळे होतो. ज्या जिल्ह्यात बाहेरच्या साहेबांनी घेतलेल्या निर्णयांचे परिणाम दोन-तीन पिढ्या भोगत आहेत, तेथे बसून हा अधिकार हाती घेताना मला आनंद झाला नाही. लेखकांना हा प्रश्न दिसलेला आहे, असे काही संवादांवरून वाटते. परंतु खेळाची सारी रचनाच नायकाच्या हाती सत्ता देण्यावर बेतलेली असल्यामुळे तो प्रश्न विचारला जातो आणि तेथेच सोडून दिला जातो.

संवादांच्या तंत्राविषयीही दोन गोष्टी सांगते. पडद्यावरच्या चक्रात दोन-चार शब्दांचे पर्याय दिसतात, आणि आपण निवडलेल्या शब्दांहून शेपर्ड पुष्कळदा वेगळेच, कधी कधी फारच कडवट बोलते. चांगुलपणाचे आणि उद्दामपणाचे गुण वेगवेगळे मोजले जातात, समजावून सांगण्याचे कौशल्यही गुणांनीच वाढवावे लागते, आणि ते कमी पडले की योग्य वाक्य पडद्यावर करड्या रंगात दिसते, पण निवडता येत नाही. पहिल्या भागात समुद्रकाठी रेक्सने माझ्यावर बंदूक रोखली, कारण त्याच्या प्रजातीचा रोग बरा करू शकेल असे काहीतरी ज्या तळावर होते तोच तळ आम्ही उडवणार होतो. त्याला थोपवणारे वाक्य समोर करड्या अक्षरांत होते. मला ते बोलता आले नाही आणि रेक्स मारला गेला. मन वळवणे ही बेरजेची गोष्ट समजणारी ही पद्धत मला आजही चुकीची वाटते. तथापि याच प्रसंगाची दुसरी बाजू भाच्याने फोनवर सांगितली, "मावशी, त्याच्या पूर्वजांचे चिलखत तू शोधून दिले असतेस तर तो ऐकला असता." ते काम मी पत्करले होते आणि कंटाळून अर्धवट सोडले होते. दोन भागांनंतर क्रोगनांचे नेतृत्व रेक्सच्या जागी त्याच्या सूडाने पेटलेल्या भावाकडे गेलेले मला पाहावे लागले, आणि त्या प्रजातीच्या भवितव्याचा निर्णय घेताना माझा हात अडखळला. शब्द देऊन न पाळण्याची किंमत एवढ्या उशिरा आणि एवढ्या नेमकेपणाने वसूल करणारी गोष्ट मी पुस्तकात किंवा रंगभूमीवर अनुभवलेली नाही, कारण तेथे शब्द देणारी मी नसते.

शेवटाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण काही वाचक तो पुढे खेळतील. तीन भागांतील शेकडो निवडी अखेर मोजक्या वाटांवर आणून सोडल्या आहेत, आणि त्या वाटांचा आधी जमवलेल्या नात्यांशी फारसा संबंध राहत नाही. 2012 साली जगभरातील खेळाडूंनी याबद्दल इतकी नाराजी व्यक्त केली की काही महिन्यांतच वाढवलेला शेवट विनामूल्य द्यावा लागला. आज मिळतो तो हा वाढीव शेवट. तो पाहूनही माझे समाधान झाले नाही.

भाषेची अडचण वेगळी आहे. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषांत हा खेळ आहे, भारतीय भाषा एकही नाही. मी शब्दकोश जवळ घेऊन बसत असे. पुनर्वसन वसाहतीतील ती मुलगी, जिला तालीची गोष्ट कोणाहीपेक्षा जास्त कळेल, तिला ती या घडीला खेळता येणार नाही. मराठीत विज्ञानकथेचा वाचक नाही असे म्हणण्याची सोय नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 सालच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली, तेव्हापासून हा प्रकार आपल्याकडे रुजलेला आहे. 2024 साली आमच्या खानदेशात अमळनेरला साहित्य संमेलन भरले, तेथील पुस्तकांच्या दालनांत फिरताना मी तरुण वाचक मोठ्या संख्येने पाहिले. हेच तरुण घरी जाऊन असे खेळ खेळतात, आणि त्यांतील गोष्टींविषयी त्यांच्याशी मराठीत बोलणारे मात्र कोणी नसते.

म्हणून माझी विनंती आहे की आपल्या पुरवणीत महिन्यातून एकदा तरी एखाद्या खेळाचे परीक्षण छापावे; त्यात कथा, पात्रे, विज्ञान, स्त्रियांचे चित्रण आणि कोणत्या वयाला तो योग्य आहे, या सर्वांचा विचार असावा. मास इफेक्टमध्ये हिंसा पुष्कळ आहे, तेव्हा तो लहान मुलांच्या हाती देऊ नये, हेही अशा परीक्षणातूनच पालकांना कळेल. मी पहिला भाग पुन्हा सुरू केला आहे, आणि या वेळी रेक्सच्या पूर्वजांचे चिलखत आधी शोधून दिले आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)