गोळी दुधाबरोबर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य पुरवण्यांमध्ये हल्ली 'आहारात प्रथिनं वाढवा' असा सल्ला सारखा वाचायला मिळतो. तो योग्यच आहे. फक्त लेवोडोपा हे औषध घेणाऱ्या कंपवाताच्या रुग्णांसाठी त्यात दोन ओळी जास्त हव्यात.

माझ्या यजमानांना नऊ वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स आहे. रिकाम्या पोटी औषध नको म्हणून सकाळी आठची गोळी मी ग्लासभर दुधाबरोबर द्यायचे. नऊला आंघोळीला निघाले की न्हाणीघराच्या उंबरठ्याशी त्यांचे पाय खिळायचे. मी हात धरून उभी, आणि पाऊल काही केल्या उचलेना. आजार वाढला असं समजून गोळी वाढवून घेतली. ती कशाबरोबर देता, हे विचारणाऱ्या डॉक्टरीणबाई दोन वर्षांनी भेटल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. लेवोडोपा हे स्वतःच एक अमिनो आम्ल आहे, म्हणजे प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांच्याच जातीचं. मेंदूत त्याचं डोपामिन होतं, आणि कंपवातात तेच कमी पडतं. रक्तातून मेंदूत जायला त्याला पेशींच्या आवरणातलं एक वाहक प्रथिन लागतं. त्याचं नाव लॅट-१, आणि त्याची ओळख पटली १९९८ मध्ये. ल्युसीन, फेनिलअलॅनिन ही अमिनो आम्लंही याच वाहकातून आत जातात. दूध, पनीर, डाळ, अंडी पचली की रक्तात त्यांची गर्दी होते आणि औषध दाराबाहेर ताटकळतं. आतड्यातही अशीच चढाओढ. मग थेट डोपामिनच का देत नाहीत, असं मी विचारलं. तर डोपामिनला मेंदूत शिरायला ही वाटच नाही!

आता गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, नुसत्या पाण्याबरोबर. मळमळलं तर थोडे मुरमुरे. उसळ, पनीर रात्रीच्या जेवणात. प्रथिनं तोडलेली नाहीत, या वयात वजन घटणं परवडत नाही. उंबरठ्याशी ते अजूनही थांबतात, पण क्षणभरच.

हा त्रास सगळ्यांनाच होतो असं नाही. आजार जुना झाला, गोळीचा असर लवकर ओसरू लागला की जास्त जाणवतो. त्यामुळे बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. पण प्रथिनयुक्त जेवणाचा लेवोडोपावर होणारा परिणाम १९७० च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेला असताना चिठ्ठीवर 'दुधाबरोबर नको' एवढं लिहायला काय हरकत आहे? औषध दुकानदारांनीही पाकिटावर लिहावं. ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन असतो. त्या दिवशी आपण एवढीच एक चौकट छापावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, सांगली