कमरेचं हाड का काढायचं?

महोदय,
केळीचे घड ट्रकमध्ये भरताना फळी सरकली नि धाकट्या भावाच्या नडगीचा चुरा झाला. डॉक्टरांनी त्याच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवलं. पाय वर्षभरात चालता झाला. कंबर मात्र अजून ठणकते. आता असं हाड काढण्याऐवजी कॅल्शियम फॉस्फेटच्या भुकटीपासून (हाडातही तेच असतं) थ्रीडी प्रिंटरवर थरावर थर देत सच्छिद्र तुकडा घडवतात, मग भट्टीत भाजतात. साधारण ३०० ते ५०० मायक्रॉनच्या (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर) छिद्रांतून रक्तवाहिन्या आत शिरतात, मागोमाग नवं हाड. हे भाजलेलं सिरॅमिक कपबशीसारखं ठिसूळ, त्यामुळे पायाच्या हाडाला पट्टी-स्क्रू लागणारच, हे मान्य. पण जळगाव-धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी यात लक्ष घालावं. दर वेळी मुंबईची गाडी किती दिवस धरायची?

– एक केळी उत्पादक, सावदा (ता. रावेर)