लहानपणीचं गाणं मोठ्यांकडून मागू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांत काही दिवसांपासून एकच तक्रार वेगवेगळ्या सह्यांनी येते आहे. लहानपणी टीव्हीवर नाट्यपदं आणि अभंग गाऊन आपल्या डोळ्यांत पाणी आणणारी मुलं मोठी झाली की पॉपच्या नादी लागतात, परीक्षकाच्या खुर्चीत बसून खिदळतात, गुरूंनी दिलेलं सगळं मातीत घालतात. एका ज्येष्ठ वाचकांनी तर ‘एवढी तालीम पाण्यात गेली’ असा निकालच देऊन टाकला आहे. इंदिरानगरात मी बरीच वर्षं गाणं शिकवते, मुलांना प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांना बसवते. माझ्या मते तालीम कुठेही जात नाही. जातं ते दुसरंच काहीतरी, तेही मूल पॉपकडे वळण्याच्या खूप आधी, आणि त्यात आपण श्रोतेच पुढे असतो.

दहा वर्षांचा मुलगा काळी चार किंवा पाचमध्ये गातो, म्हणजे पेटीवरची ती काळी पट्टी ‘सा’ धरून गातो, तेव्हा तारसप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, त्याचा आवाज कसा लखलखीत लागतो हे कुणाला सांगायला नको. तोच मुलगा तेरा-चौदाचा झाला की आवाज फुटतो. स्थिरावल्यावर त्याला काळी एक किंवा दोन ही पट्टी सोयीची होते, म्हणजे साधारण अर्धं सप्तक खाली. मधला काळ वर्षाचा असेल, कुणाला दोन-तीनही लागतात. सकाळी षड्ज, म्हणजे ‘सा’, जिथे लागला तिथे संध्याकाळी लागेल याची खात्री नसते. मुलींच्या बाबतीत उतार थोडा असतो, पण आवाजात हवा येते, दमसास तुटतो. बाहेरच्यांना ते कळत नाही, म्हणून त्यांना तर कुणी सुटीच देत नाही. जाणते गुरू या काळात मंद्रातला म्हणजे खालच्या सुरांतला रियाज, पलटे (स्वरांचे उलटसुलट सराव), ऐकणं आणि थोडा तबला यावर भर देतात. मैफल नाही.

आता आपण काय करतो ते पाहा. माझ्याकडे एक मुलगा होता. नवव्या वर्षी त्याने गणपतीत एक अभंग गायला, कुणीतरी मोबाइलवर टिपला, आणि तो घरोघरी गेला. पुढची प्रत्येक वर्गणीची पावती घेऊन कार्यकर्ते त्याच्या दारात. तो पंधराचा झाला तरी मागणी तीच: अभंग तोच, पट्टीही तीच, कारण ‘लोक त्याच्यासाठीच येतात, मॅडम’. मी पेटीवर पट्टी उतरवली, तर ध्वनिक्षेपकाशी बसलेले गृहस्थ म्हणाले, ‘हे मूळ गाण्यासारखं वाटत नाही.’ पोराने भिडेखातर वरच्या पट्टीत सुरुवात केली. अंतऱ्यात मानेच्या शिरा ताठरल्या, पंचमाच्या पुढे आवाज दोनदा फाटला आणि पहिल्या रांगेतले चार-पाच मोबाइल आणखी वर झाले. नंतर वर्षभर तो क्लासला आला नाही. आज तो कॉलेज रोडवरच्या मुलांच्या बँडमध्ये गातो, गिटार घेतो, स्वतःची मराठी गाणी लिहितो. आई म्हणते, बिघडला. मी त्याचं एक गाणं ऐकलं. बीट माझ्या कानांना फार झाला, हे कबूल. पण धैवतावरून निषादाला स्पर्श करून खाली येताना जी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) घेतली आहे, ती तालमीशिवाय येत नाही. आपल्या आजच्या आवाजात गायला त्याला जिथे मिळालं तिथे तो गेला. अभंगाच्या मांडवात ती मुभा नव्हती.

नाशिककरांना या बाबतीत दूरची उदाहरणं शोधायची गरज नाही. थोर शास्त्रीय गायक पं. द. वि. पलुस्कर १९२१ साली याच गावात जन्मले. विष्णु दिगंबरांसारखे वडील दहाव्या वर्षी गेले, पुढची तालीम पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे झाली आणि चौदाव्या वर्षी, १९३५ मध्ये, जालंधरच्या हरिवल्लभ संगीत मेळ्यात ते गायले. म्हणजे लहान वयात रंगमंच नकोच, असं मी म्हणत नाही. फरक इतकाच की हरिवल्लभ मेळा वर्षातून एकदा भरतो. टीव्हीवरच्या स्पर्धेचे एपिसोड आठवड्याला दोन असतात. आणि ज्यांना सिनेमा-टीव्हीचा विटाळ वाटतो त्यांनी हेही आठवावं की १९५२ मध्ये याच बापूरावांनी, म्हणजे पलुस्करांनी, ‘बैजू बावरा’ या सिनेमात उस्ताद अमीर खाँसाहेबांबरोबर जुगलबंदी गायली. तेव्हा कुणी त्यांची तालीम पाण्यात गेली म्हटलं असेल, तर आज त्या माणसाचं नाव कुणाला आठवत नाही.

कुमार गंधर्वांचं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. लहान वयात ते थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गात आणि लोक थक्क होत. गावोगाव जलसे सुरू होते. तिथून ते अकरा-बाराव्या वर्षी मुंबईत देवधर मास्तरांकडे आले आणि पुढे कितीतरी वर्षं शिकत राहिले. नक्कल करणाऱ्या मुलाचा स्वतंत्र गवई झाला तो तिथे. पुढे त्यांनी जे गायलं तेही शुद्धतेच्या पहारेकऱ्यांना कुठे पटलं होतं? पण शिकायला त्यांना निवांत वर्षं मिळाली. ‘तुमचं ते लहानपणीचं म्हणा’ असा धोशा रोज कुणी लावला असता तर काय झालं असतं, हा विचारही करवत नाही.

आपल्या पिढीने हे सारं टीव्हीवर पाहिलं ते २००८-०९ मध्ये, झी मराठीच्या ‘लिटिल चॅम्प्स’मधल्या पाच मुलांच्या रूपाने. एकाच मांडवातली पाच मुलं, तरी वाटा पाहा. आर्या आंबेकर घरातच आईकडे शास्त्रीय शिकली, पार्श्वगायनाकडे वळली, सिनेमात नायिकाही झाली. रोहित राऊतचा ओढा तेव्हाही पॉपकडेच होता आणि तो हिंदी ‘इंडियन आयडॉल’पर्यंत पोचला. प्रथमेश लघाटे आणि मुग्धा वैशंपायन शास्त्रीय आणि नाट्यसंगीतात रमले, कार्तिकी गायकवाडने भक्तिसंगीताची वाट धरली. २०२१ मध्ये हेच पाचजण नव्या मुलांसमोर परीक्षक म्हणून बसले, तेव्हा आमच्या सोसायटीत काय चर्चा झाली? ‘मुग्धा किती मोठी झाली गं, पूर्वी किती गोड दिसायची!’ बारा वर्षांनी माणूस मोठा झाला, ही आपल्याला तक्रार वाटते.

परदेशात तर याचा कळस झाला आहे. वेल्समधल्या कार्डिफची शार्लट चर्च १९९८ मध्ये, बाराव्या वर्षी, पाश्चात्य शास्त्रीय आणि धार्मिक गीतांच्या अल्बमने जगभर गाजली. अल्बमचं नावच ‘व्हॉइस ऑफ ॲन एंजल’, देवदूताचा आवाज. पोप, राणी, सगळ्यांसमोर गाऊन झालं. २००५ मध्ये तिने पॉप अल्बम काढला, २००६ ते २००८ चॅनल फोरवर स्वतःच्या नावाचा कार्यक्रम केला. देवदूताने सिगारेट ओढली, देवदूत क्लबमध्ये गेला, याच्या बातम्यांवर तिथल्या खपाऊ वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षं पोट भरलं. कुटुंबाचे फोनवरचे निरोप चोरून ऐकले गेले. २०११ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांच्या वागणुकीची तपासणी करणाऱ्या लेव्हसन चौकशीसमोर तिने साक्ष दिली की तेराव्या वर्षी वृत्तपत्रमालक रूपर्ट मरडॉक यांच्या लग्नात गाण्यासाठी एक लाख पौंड किंवा त्यांच्या वृत्तपत्रांची मर्जी, असे दोन पर्याय समोर ठेवले गेले होते आणि मोठ्यांनी तिला मर्जी घ्यायला सांगितलं. (मरडॉक यांच्या बाजूने हे नाकारलं गेलं.) फोन प्रकरणात २०१२ मध्ये मरडॉक यांच्या कंपनीला सहा लाख पौंडांची तडजोड करावी लागली. एवढं होऊनही तिकडे अजून कुणीतरी हळहळतच असेल की तिने पॉप गाऊन सोन्यासारखा गळा वाया घालवला.

आपल्याकडे निदान कागदावर नियम आहेत. बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या सुधारित नियमांप्रमाणे बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांच्या पुढे त्याला कामाला लावता येत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि कमाईतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. हे नियम व्यावसायिक कार्यक्रमांनाही आहेत. माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हतं. स्पर्धेच्या ऑडिशनचे फॉर्म मात्र सगळ्यांना तोंडपाठ. शिवाय या नियमांत तास आहेत, पैसे आहेत, फुटलेल्या आवाजाबद्दल अवाक्षर नाही. ती काळजी गुरू, पालक आणि आयोजकांनीच घ्यायची आहे.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. पिंपळपारावरची पाडवा पहाट असो की गल्लीतला गणपती, तेरा ते सतरा वयाच्या मुलांना बोलावणाऱ्यांनी गाणं आणि पट्टी त्यांच्या गुरूंवर सोडावी. गुरू ‘यंदा नको’ म्हणाले तर पुढच्या वर्षी विचारावं, त्यात रुसू नये. कालिदास कलामंदिरात मुलांचे कार्यक्रम लावणाऱ्यांनी परवानगीचा कागद पालकांना आधी दाखवावा. आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी की आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या फोटोखाली ‘छोटा भीमसेन’, ‘प्रतिलता’ असे मथळे देणं बंद करावं. शाळेचं नाव आणि गायलेला राग एवढं छापलंत तरी पालक कात्रण जपून ठेवतात, हे मी स्वतः पाहते. वर सांगितलेले नियम एखाद्या रविवारच्या पुरवणीत चौकटीत छापता आले तर ऑक्टोबरच्या आत छापा; दिवाळीचे कार्यक्रम त्यानंतरच ठरतात.

आपली,
एक संगीतशिक्षिका
इंदिरानगर, नाशिक