ज्युदोला आधी गाद्या द्या

सांगली-मिरजेत ज्युदो आणि कराटेचे वर्ग वाढत आहेत, याचा मनापासून आनंद आहे. चिंता आहे ती जमिनीची. कराटेसाठी वापरायच्या दोन-अडीच सेंटिमीटरच्या जोडगाद्यांवर ज्युदोच्या फेकी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला उचलून पाडायचे डाव, शिकवू नयेत. त्यासाठी दाट फोमची, चार सेंटिमीटर जाडीची, एक बाय दोन मीटरची गादी लागते. सहा बाय सहा मीटरच्या सरावाला अशा १८ गाद्या पुरतात. कडेने लाकडी चौकट हवीच, नाहीतर गाद्या सरकतात आणि फटीत पायाचे बोट अडकून मुरगळते. पावसाळ्यात गाद्या उचलून खालची बाजूही पुसावी.

फेकीआधी पडणे शिकवा. हनुवटी छातीला, म्हणजे डोके आपटत नाही. हात शरीरापासून साधारण ४५ अंशांत ठेवून कोपरापासून तळव्यापर्यंत एकदम आपटायचा. घाबरलेले मूल तळवा मागे टेकवते. मग मनगट, कोपर किंवा गळपट्टीचे हाड मोडते. हे अंगवळणी पडायला काही आठवडे जातात. पालकांनी घाई करू नये.

तालमीतली मुले इकडे वळली तर ज्युदोचे भलेच होईल. ढाक, म्हणजे कमरेवरून पाडायचा कुस्तीतला डाव, येणाऱ्याला कमरेवरची फेक लवकर जमते. मात्र एकेरी पटाची, म्हणजे एक पाय धरून पाडायची, सवय मोडावी लागते, कारण आंतरराष्ट्रीय नियमांत २०१३ पासून उभ्या लढतीत पायाला हात घालता येत नाही. महापालिकेने शाळांच्या संध्याकाळी रिकाम्या असणाऱ्या सभागृहांत कायमच्या गाद्या अंथरू द्याव्यात.

— एक ज्युदो प्रशिक्षक, सांगली